उपवास, वीर्य आणि वार्धक्य : एक शब्दार्थविचार

'वीर्य' ह्या एकाच शब्दाने मराठीत शुक्रही दर्शविले जाते आणि जोम किंवा पराक्रमही. साहजिकच 'उपवासाने उतारवयातही वीर्य टिकते' असे कोणी म्हटले, तर नेमके काय टिकते हे संदिग्धच राहते.

'उपवास' हा शब्दही तितकाच सैल आहे. साबुदाण्याची खिचडी व रताळी ह्यांवर निभावणारी एकादशी शरीरशास्त्राच्या दृष्टीने उपवास नव्हेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे लोक उगीच म्हणत नाहीत. ह्याउलट, आचार्य आनंदऋषींचा १९०० साली जेथे जन्म झाला ते चिचोंडी ज्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे, तेथील जैन समाजास परिचित असलेले 'वर्षीतप' पाहावे. एक दिवस निराहार, दुसऱ्या दिवशी भोजन, असा क्रम त्यात वर्षाहून अधिक काळ चालतो आणि अक्षय्य तृतीयेस उसाच्या रसाने पारणे होते.

अशा आहारनियमनाने वासना क्षीण होते, ही आपली जुनी धारणा. ह्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात, इतर इंद्रिये आवरून रसना मोकळी सोडणे म्हणजे पालवी खुडून मुळाशी पाणी घालणे होय, असा दृष्टान्त आहे.

२०२५ साली प्रसिद्ध झालेले नर उंदरांवरील एक संशोधन मात्र निराळीच दिशा दाखविते. दीर्घकाळ एक दिवसाआड उपाशी ठेवलेल्या नरांची प्रजननातील सफलता वार्धक्यातही टिकून राहिली. परंतु त्यांच्या शुक्राची गुणवत्ता किंवा अंतःस्रावी ग्रंथींचे कार्य सुधारलेले नव्हते. वाढली होती ती समागमाची प्रवृत्ती. वयाबरोबर मेंदूतील सेरोटोनिनचा कामप्रवृत्तीवरील निरोध वाढतो. सेरोटोनिन ज्यापासून बनते त्या ट्रिप्टोफॅनचा मेंदूस होणारा पुरवठा उपवासाने घटला आणि तो निरोध सैलावला. म्हणजे 'वीर्य' शब्दाच्या एका अर्थास लाभ झाला, दुसऱ्यास नाही.

आयुर्वेदाची परिभाषा ह्या बाबतीत अधिक काटेकोर होती. 'लंघन' व 'बृंहण' हे तिने परस्परविरुद्ध उपक्रम मानले. वाजीकरणासाठी सांगितलेली दूध, तूप, उडीद ही द्रव्ये बृंहणाच्याच बाजूची. लंघनाने कामप्रवृत्ती वाढावी, हे त्या चौकटीत सहजासहजी बसत नाही.

उंदराचा चयापचय माणसाच्या मानाने फार वेगवान असतो. एका दिवसाचे उपोषण त्याला जितके जड जाते तितके माणसास जात नाही, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा मनुष्यास लावणे उचित नव्हे. विशेषतः अपत्यप्राप्तीच्या आशेने प्रौढ वयात उपवास धरणाऱ्यास शुक्रदोष दूर होण्याची कोणतीही हमी ह्या प्रयोगातून मिळत नाही. त्याने प्रथम शुक्राची तपासणी करून घ्यावी.