समजून घ्या : पुढं पळायचं की मागं थांबायचं? अविनाश साबळेच्या शर्यतीमागचं मानसशास्त्र

बीड : ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. हर्डल्ससारखा तो धक्क्यानं पडत नाही. पडतो तो धावपटू. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं हाच खेळ निवडला. अशा खेळात डोक्यात नेमकं काय चालतं? सोप्या भाषेत पाहू.

धोका पत्करणारे मुळातच वेगळे असतात का?

काही प्रमाणात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्व्हिन झुकरमन यांनी १९६०च्या दशकात ‘थराराची ओढ’ हा स्वभावगुण मोजायची पद्धत आणली. नव्या, तीव्र अनुभवासाठी धोका पत्करायची तयारी, असा त्याचा अर्थ. पण थरारासाठी घेतलेला धोका वेगळा आणि हिशेब करून घेतलेला वेगळा. मोठ्या स्पर्धेत दुसराच कामाला येतो.

अविनाशच्या शर्यती काय सांगतात?

जुलै २०२२, युजीन. जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी संथ गतीनं सुरू झाली. अविनाश ८ मिनिटं ३१.७५ सेकंद वेळेसह अकरावा आला. काही आठवड्यांतच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या धावपटूंना शेवटपर्यंत भिडला. ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्यपदक. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदानं. १९९८ ते २०१८ या काळात राष्ट्रकुलची तिन्ही पदकं केनियाकडेच जात होती.

१ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ. आशियाई स्पर्धेत त्यानं लवकर आघाडी घेतली आणि एकट्यानं पळत ८ मिनिटं १९.५० सेकंदांत सुवर्ण जिंकलं. पुढं पळणाऱ्याला वारा अंगावर घ्यावा लागतो, मागच्यांचा अंदाज येत नाही. पण गर्दीत अडखळण्याचा धोका टळतो आणि समोरचा अडथळा स्पष्ट दिसतो. म्हणजे धोका दोन्हीकडे आहे. आपल्याला कुठला पेलतो, हे ओळखणं महत्त्वाचं.

ताण वाईटच असतो का?

नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले होते. त्यावरून पुढं मांडला गेलेला नियम असा : ताण फारच कमी असेल तर माणूस ढिला पडतो, अती झाला तर चुकतो. रिचर्ड लाझारस यांनी आणखी एक मुद्दा मांडला. तोच प्रसंग ‘आव्हान’ वाटतो की ‘संकट’, हे आपल्याकडं किती बळ आहे असं आपल्याला वाटतं, त्यावर ठरतं.

हे बळ कुठून येतं?

सरावातून आणि आधी सोसलेल्यातून. अविनाश लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. बारावीनंतर तो लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन आणि राजस्थानच्या वाळवंटात राहिला. पळण्याची स्पर्धा त्यानं २०१५ मध्ये सुरू केली आणि २०१८ मध्ये गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. अर्थात, गरिबी आणि हालअपेष्टा माणसाला आपोआप कणखर करत नाहीत. त्यासोबत प्रशिक्षक, आहार आणि नोकरीची शाश्वतीही लागते. लष्करानं त्याला ती दिली.

आता खरी कसोटी कोणती?

जुलै २०२५ मध्ये मोनाकोत पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्याच्या लिगामेंटला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. अशा दुखापतीत गुडघा बरा झाला तरी मन पुन्हा तशी उडी मारायला कचरतं. भीतीमुळं पाऊल आखडतं, लय तुटते आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. म्हणून सराव छोट्या उडीपासून टप्प्याटप्प्यानं वाढवतात; शरीराबरोबर मनाचाही भरवसा परत यावा लागतो.

तुमच्यासाठी काय?

जिल्ह्यातली अनेक मुलं पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीच्या १६०० मीटरचा सराव करतात. भरतीच्या दिवशी छाती धडधडली तर घाबरू नका. शरीर तयार होतंय. पहिली फेरी कोणत्या वेगानं पळायची हे आदल्या दिवशीच ठरवा. आणि एखादा अपयशी ठरला, तर घरच्यांनी त्याला ‘तुझ्यात दम नाही’ असं म्हणू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अविनाशही अंतिम फेरी गाठू शकला नव्हता. हांगझोऊचं सुवर्ण त्यानंतर दीड महिन्याच्या आत आलं.