दार उघडंच असतं

टीव्हीवरचं ते दृश्य आपल्याला पाठ झालंय. चाळीची गॅलरी किंवा पत्र्याची पडवी, मागे बायकांचा घोळका, पुढे एक माणूस आणि त्याच्या हनुवटीखाली सात-आठ रंगीत ठोकळे. या ठोकळ्याला आमच्या धंद्यात ‘बूम’ म्हणतात. माइक आणि त्यावर चॅनेलच्या नावाचं खोकं. माणूस बोलायला लागतो, अडतो, पंचाने डोळे पुसतो, पुन्हा बोलतो. इकडे सोफ्यावरून कुणीतरी म्हणतं, “काल भाऊ गेला आणि आज हा टीव्हीवर? बोलवतं तरी कसं यांना?”

मी काही वर्षं त्या बूमच्या दुसऱ्या टोकाला होतो. तेव्हा मलाही हाच प्रश्न पडायचा, आणि तरी मी माइक पुढे करायचो.

आधी चॅनेलच्या बाजूने बघू. दुर्घटना घडते तेव्हा हातात बातमी असते एका ओळीची आणि भरायला असतात तासन्‌तास. दूरदर्शनच्या काळात हा प्रश्न नव्हता. संध्याकाळच्या बातम्यांत दोन-चार वाक्यं, मंत्र्यांचा दौरा, संपलं. मराठीत 2007 साली चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि ती एक ओळ ताणायची कशी हे रोजचं कोडं झालं. घटनास्थळी पोलिसांनी दोरी बांधलेली असते. रुग्णालयातले डॉक्टर बोलत नाहीत. कलेक्टर ऑफिसातून “चौकशी सुरू आहे” एवढंच येतं. ज्याला खरी माहिती आहे त्याचं दार बंद असतं. उघडं असतं ते फक्त मृताच्या घराचं.

मग असाइनमेंट डेस्क तालुक्याच्या स्ट्रिंगरला फोन लावतं. “घर शोध. फोटो मिळव. बाईट मिळव.” स्ट्रिंगर म्हणजे पगारी नोकर नव्हे, त्याला बातमीमागे पैसे. तो तिथलाच असतो, मोटारसायकलवर असतो आणि बऱ्याचदा मृताच्या चुलत्याला ओळखत असतो. पूर्वी लाइव्ह जायचं तर ओबी व्हॅन यावी लागे; आता पाठीवरच्या सॅकमधलं सिमकार्डांचं यंत्र पुरतं. आणि मुंबईचा डेस्क दर दहा मिनिटांनी विचारत राहतो, “फॅमिली मिळाली का?”

आता त्या दाराकडे येऊ, कारण चॅनेलच्या हावरेपणाने निम्मीच गोष्ट कळते. आपल्याकडे मयताच्या घराचं दार लावत नाहीत. ओसरीवर सतरंजी टाकलेली असते, येईल तो चपला काढून बसतो. कोण कुठला हे विचारायची रीत नाही. थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग हळूच विचारायचं, “कसं झालं हो?” घरातलं कुणीतरी सांगायला लागतं: सकाळी चहा घेऊन निघाला, मी म्हटलं डबा ने, नको म्हणाला. नवा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून. रिपोर्टर पोहोचतो तोवर ही हकिकत दहा-बारा वेळा सांगून झालेली असते. तोही चपला काढतो, सतरंजीवर बसतो, तेच विचारतो. फरक एवढाच की त्याच्या मांडीवर बूम असतो. आपण ज्याला “टीव्हीवर येणं” म्हणतो, ते त्या घरासाठी पुष्कळदा फक्त तेरावं सांगणं असतं.

शिवाय त्या घडीला रिपोर्टर रिकाम्या हाताने आलेला नसतो, त्याच्याकडे बातमी असते. घरच्यांना दवाखान्यातून कुणी फोन केलेला नसतो, तलाठी आलेला नसतो. माझ्या कागदावर मात्र पोलिसांकडून मिळालेली नावं असायची. मी “काका, दोन मिनिटं बोलाल का?” म्हणायच्या आत म्हातारा मलाच विचारायचा, “साहेब, यादीत नाव आलंय का वो? बॉडी कधी देणार?” मी सांगायचो आणि तो बोलायचा. देवाणघेवाण सरळ होती, कुणी तसं म्हणत नसे इतकंच.

12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं तेव्हा हेच फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते. रक्ताच्या नातेवाइकांचे नमुने घेऊन डीएनए जुळवायचा आणि मगच देह ताब्यात, असं ठरलं. म्हणजे नमुना देऊन झाल्यावर नातेवाइकांना सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात करायला काही उरलं नाही, फक्त थांबायचं. त्याच आवारात देशभरचे कॅमेरे. विमानातले काही कर्मचारी मुंबई-ठाण्याकडचे होते, त्यामुळे इकडेही जिन्यांत बूम गोळा झाले. थांबलेल्या माणसाला कुणीतरी विचारलं की तो बोलतो. त्यात नवल नाही.

ब्रिटनमध्ये पोलीस अशा कुटुंबाला एक अधिकारी नेमून देतात. तपासाची माहिती तो घरी आणतो, आणि पत्रकारांना कुटुंबाचं लेखी निवेदन बहुधा पोलिसांमार्फतच जातं. तिथेही माणसं कॅमेऱ्यासमोर येतात, पण बेपत्ता मुलाबद्दल लोकांना आवाहन करायचं असतं तेव्हा पोलीसच त्यांना आणून बसवतात. आपल्याकडे हा मधला माणूस नाही. ती जागा स्ट्रिंगरच भरून काढतो, बरी-वाईट कशीही.

बोलतं कोण, हेही बघण्यासारखं आहे. आई किंवा बायको सहसा नाही. भावकीतला एखादा पुढे काढला जातो: मामा, चुलतभाऊ, कधी सरपंच. हिंदी येणारा असला तर त्याच्या नशिबी दिल्लीची सगळी चॅनेल्स. बायकांचं रडणं आम्ही ‘व्हिज्युअल’ म्हणून घ्यायचो, बोलायला पुरुष. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी, एप्रिल 2025 मध्ये, हे उलटं झालं. 26 जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा. पुण्या-डोंबिवलीच्या घरांतल्या बायका आणि तरुण मुलं-मुली बोलली, कारण ती स्वतः तिथे होती. भावकीतल्या कुणाला काय सांगता येणार होतं?

आता एक प्रसंग, कारण त्यातून मला हा धंदा जेवढा कळला तेवढा दुसऱ्या कशातून कळला नाही. घाटात वऱ्हाडाचा टेम्पो दरीत गेला होता. दुपारपासून स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर “चालक दारूच्या नशेत?” असं पळत होतं. प्रश्नचिन्ह लावलं की आपल्या अंगावर येत नाही, असा आमचा समज. त्या चालकाच्या घरी जायला मला डेस्कने सांगितलं नव्हतं. त्याची बायको स्वतः रस्त्यापर्यंत चालत आली. डोक्यावर पदर, मागे दीर “वहिनी, नको” म्हणत येतोय. मला म्हणाली, “माझं घ्या. त्यांच्या गळ्यात माळ होती. सोळा वर्षं वारी केलीय. ते पीत नव्हते. तेवढं सांगा.” कॅमेरामनने फ्रेम लावली. ती दोन मिनिटं बोलली. टेम्पोचे ब्रेक महिनाभर कुरकुरत होते, मालकाला तीनदा सांगितलं होतं, हेही म्हणाली. शेवटी “माळ” या शब्दाशी तिचा बांध फुटला.

रात्रीच्या बातमीपत्रात तिचे नऊ सेकंद लागले. रडतानाचे. आवाज बंद, वर निवेदिकेचा स्वर, आणि खाली पट्टी तीच. ब्रेक नाही, मालक नाही, माळ नाही. मी डेस्कला विचारलं तर उत्तर आलं, “अरे, व्हिज्युअल स्ट्राँग होतं.” दुसऱ्या दिवशी त्या दिराचा फोन आला. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, “परत कधी दाखवणार? तेव्हा पूर्ण लावाल ना?”

म्हणून “यांना बोलवतं कसं” या प्रश्नावर माझं उत्तर असं, की पुष्कळजण दुःख सांगायला आलेलेच नसतात. कुणाला पट्टीवरचं चुकीचं नाव दुरुस्त करायचं असतं. कुणाला सुरतेला, दुबईला असलेल्या नातेवाइकांना कळवायचं असतं, “किती वाजता लागेल?” हा प्रश्न आपल्याला हौशी वाटतो, पण तो बहुधा “टीव्ही लाव” असा फोन कुणाला तरी करायचा म्हणून विचारलेला असतो. कुणाला मदतीची आशा असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहलगामच्या मृतांच्या कुटुंबांना राज्य सरकारने 50 लाख रुपये जाहीर केले. शेतातल्या विहिरीत दरड कोसळून गेलेल्या मजुराच्या घरी असा आकडा जात नाही, आणि हा फरक गावात सगळ्यांना कळतो. कॅमेरा आला म्हणजे आपलं मरण मोजलं जाईल, एवढं गणित त्यामागे असतं.

पण याची किंमत पडते. पहलगाममध्ये पती गमावलेल्या, नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने काही दिवसांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मुस्लिमांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका. आठवडाभरापूर्वी तिच्यासाठी हळहळणारे लोक समाजमाध्यमांवर तिच्यावर तुटून पडले, इतके की राष्ट्रीय महिला आयोगाला तिच्या बाजूने निवेदन काढावं लागलं. शोक करणाऱ्याने प्रेक्षकाच्या मनातलंच बोलावं, अशी अट असते.

नियम आहेत, नाही असं नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 228अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 72. म्हणून अशा घरातली माणसं पाठमोरी दिसतात. व्यक्तिगत दुःखाच्या क्षणी कॅमेरा घुसवणं टाळावं, असं प्रेस कौन्सिलचे संकेत सांगतात, पण कौन्सिल छापील पत्रांची, वाहिन्यांची नव्हे. जून 2019 मध्ये बिहारच्या मुजफ्फरपूरला मेंदूज्वराने मुलं दगावत होती, तेव्हा बूम थेट अतिदक्षता विभागात शिरले होते. वाहिन्यांच्या संघटनेची स्वतःची तक्रार-व्यवस्था आहे. तीत तक्रार आधी चॅनेलकडे करायची, प्रक्षेपणापासून सात दिवसांत. सात दिवस! आमच्याकडे तोवर दहावाही झालेला नसतो.

इथवर पहिल्या दोन-तीन दिवसांचं झालं, कॅमेरा घरी येतो तेव्हाचं. मग तो जातो. वर्षांनंतर जी कुटुंबं पडद्यावर दिसतात त्यांची गोष्ट वेगळी, तिथे घर कॅमेऱ्याकडे चालत गेलेलं असतं. यातलं मला सर्वांत नीट माहीत असलेलं उदाहरण दिल्लीचं आहे.

13 जून 1997, शुक्रवार. ग्रीन पार्कच्या उपहार सिनेमात ‘बॉर्डर’चा पहिला दिवस, दुपारचा खेळ. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता, तो पेटला. गाड्या पेटल्या, धूर जिन्यातून वर चढला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना येण्याजाण्याची वाट बंद झाली होती. 59 माणसं गेली, बहुतेक गुदमरून. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं त्यात होती, उन्नती 17 वर्षांची, उज्ज्वल 13 वर्षांचा.

पुढची पंचवीस वर्षं हे दांपत्य कोर्टाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यांना दिसत राहिलं. 2007 मध्ये मालक अन्सल बंधूंना दोन वर्षांची शिक्षा, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयात ती एक वर्ष. 2011 मध्ये नुकसानभरपाई कमी झाली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी 30 कोटींचा दंड सांगून तुरुंग टाळला. 2017 मध्ये एका भावाला उरलेली शिक्षा भोगायला सांगितलं, दुसऱ्याला वयामुळे सूट. मधल्या काळात कोर्टाच्या फाइलमधले कागदच फाडले-गायब केले गेल्याचं उघडकीला आलं. त्या खटल्यात 2021 मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, 2022 मध्ये ती भोगली तेवढीच पुरे ठरली. दर वेळी बाहेर बूम पुढे यायचे आणि नीलम कृष्णमूर्ती बोलायच्या.

त्यांचं बोलणं धंद्याच्या कानाने ऐका. त्यात तारीख असते, कलम असतं, मागणी असते. नऊ सेकंद कापून घेतले तरी त्या नऊ सेकंदांत काहीतरी उरतंच. घाटातल्या त्या बाईला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिला शिकायला वेळही नव्हता. अनेक जण म्हणतात, “इतकी वर्षं त्याच दुःखाचं भांडवल कशाला?” माझ्या मते त्यांनी दुःख बाजूला ठेवूनच बोलायला शिकून घेतलं होतं. रडण्याच्या व्हिज्युअलवर खटल्याची पुढची तारीख लागत नाही.

आणि या सगळ्याची सुरुवात टीव्हीवर झाली नव्हती. मुलं गेल्यावर त्या आई-बापांनी वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता चाळायला घेतल्या. त्यांतून उपहारमध्ये गेलेल्यांची घरं शोधून त्यांनी त्या अनोळखी माणसांशी संपर्क साधला. 30 जून 1997 ला, आगीनंतर सतराव्या दिवशी, पीडितांच्या कुटुंबांची संघटना उभी राहिली. तोवर भेटायला येणारे पांगलेले असतात, सतरंजी उचललेली असते. त्या घरांमधून मात्र आता फोन होऊ लागले होते.