लक्ष्मी रस्त्यावर बस अडते

ऐन संध्याकाळी पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर, कुंटे चौकाच्या जरा अलीकडे, आमची डेक्कनची बस अडली आहे. पुढे एक पांढरी एसयूव्ही डाव्या कडेच्या दोन गाड्यांमध्ये शिरू पाहतेय. थोडी मागे, थोडी पुढे, पुन्हा मागे. आत एकटे गृहस्थ. बसमध्ये आम्ही साठेक, निम्मे दांडीला धरून.

कंडक्टर दारातून ओणवा होतो. "ओ काका, आत तरी घ्या नाहीतर बाहेर काढा!" काकांच्या काचा वर आहेत.

"रस्ताच अरुंद," शेजारचे आजोबा म्हणतात. "दुकानं मागे सारल्याशिवाय काही खरं नाही."

"ते सारलंय की," पुढच्या सीटवरच्या बाई खिडकीबाहेर बोट दाखवतात. जुना वाडा पाडून उभी राहिलेली इमारत रस्तारुंदीच्या रेषेप्रमाणे मागे सरकलीय. शेजारचे वाडे होते तिथेच. मधल्या खाचेत दुचाकी दाटीवाटीने लावलेल्या, त्यांच्यापुढे आडवी एक कार.

"मग लोकांनी गाड्या ठेवायच्या कुठं?"

"तुमच्या घरी किती?"

"एकच." मग जरा थांबून, "मुलाची वेगळी."

मागून कुणीतरी हसतं.

मला तर रुंदी कमी आहे असं वाटतच नाही. बस अडीच मीटर रुंद. एका कडेला कारची रांग, दुसरीकडे तिरप्या लावलेल्या दुचाकी. दोन्ही मिळून एका बसची वाट सहज अडते. रस्ता आहे, त्यावर गाड्या उभ्या आहेत.

"मेट्रोनं जायचं ना," सॅकवाला मुलगा सुचवतो.

"मंडईला खाली उतरा, सिव्हिल कोर्टला गाडी बदला, मग डेक्कन," बाई म्हणतात. "एवढ्यात मी चालत पोचते."

"चालायला ११ डिसेंबर बरा," आजोबांना आठवतं. पादचारी दिनाला, २०२१पासून, इथला मधला पट्टा वाहनांना बंद असतो. "काय मोकळं वाटतं!"

"त्या दिवशी आम्हालाही दुसरीकडनं वळवतात," कंडक्टर म्हणतो.

हे मात्र खरं. एक दिवस रस्ता रिकामा करायचा तर कारबरोबर बसही हटते. उरलेलं वर्षभर कारसाठी बस थांबते.

एसयूव्ही अखेर फटीत बसते. डबल बेल. बस हलते न हलते तोच उजवं दार सताड उघडून काका रस्त्यावर पाय टाकतात. करकचून ब्रेक. सगळे पुढे.

"सावकाश उतरा, काका," कंडक्टर म्हणतो. "आम्ही आहोत थांबलेले."