इंद्रजालचा वेताळ आणि उपनगरातले माळे

इंद्रजाल कॉमिक्सच्या इंग्रजी मालिकेचा शेवटचा क्रमांक ८०३. छापून बाहेर आलेले अंक मात्र ८०१. क्रमांक १२३ आणि १२४ निघालेच नाहीत, कारण तेव्हा टाइम्स ऑफ इंडियामध्ये संप होता. वेताळाचे, म्हणजे मूळच्या फॅन्टमचे, अंक जमवायला बसणाऱ्याने हे दोन आकडे आधी लिहून ठेवावेत, म्हणजे नसलेल्या अंकांच्या मागे वर्षं वाया जाणार नाहीत.

टाइम्स ऑफ इंडियाच्याच बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती थांबली. सव्वीस वर्षांत ८०१ अंक, म्हणजे सरासरी दर बारा दिवसांना एक. सुरुवातीला अंक महिन्यातून एकदा निघायचा, मग पंधरा दिवसांनी, आणि ऐंशीच्या दशकात तर दर आठवड्याला. एका अंकाची साधारण ३२ पानं धरली तर पंचवीस हजारांहून जास्त पानं होतात. एक अंक वाचायला वीस मिनिटं लागली तरी सगळे वाचायला २६७ तास लागतील, झोप-जेवण न करता अकरा दिवस. जाडी दोन मिलिमीटर धरून अंक एकावर एक रचले तर चवड सव्वापाच फुटांची होते. हा झाला एका भाषेचा हिशेब. इंद्रजाल मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा अनेक भाषांतही निघत होतं.

यांतले निम्म्याहून जास्त अंक वेताळाचे. पहिल्या ३२ अंकांत तर त्याच्याशिवाय दुसरा नायकच नव्हता. नंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, गार्थ आले आणि वाचकाला पुढच्या अंकात कोण असेल याची वाट पाहावी लागू लागली. तरी स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर मुलं विचारायची ते 'वेताळ आला का' असंच.

मूळ चित्रमालिकेचा पसारा याहूनही मोठा आहे. ली फॉक यांचा फॅन्टम अमेरिकन वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अवतरला. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, म्हणजे घट्ट पोशाख, मुखवटा आणि बुबुळं न दिसणारे डोळे घेऊन वेताळ त्याच्याआधी दोन वर्षं हजर होता. रोजची पट्टी आठवड्यातून सहा दिवस धरली तर १९३६ पासून २०२५ पर्यंत सुमारे २८ हजार पट्ट्या होतात. मे १९३९ मध्ये सुरू झालेली रविवारची रंगीत पानं वेगळी, ती साडेचार हजारांच्या आसपास. फॉक यांनी हे काम मृत्यूपर्यंत, म्हणजे मार्च १९९९ पर्यंत केलं. त्रेसष्ट वर्षं एकच माणूस एकाच नायकाच्या गोष्टी रचत होता, आणि त्याच काळात त्याचा मॅन्ड्रेकही चालू होता. चित्रकार बदलत गेले. रे मूर, मग विल्सन मॅकॉय, आणि १९६१ पासून तेहतीस वर्षं साय बॅरी. आपल्याकडच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर येणारा वेताळ, रुंद खांद्यांचा आणि नेटक्या सावल्यांचा, तो बॅरींचा.

इतकी लांबलचक गोष्ट इंद्रजालच्या आकारात मावणार कशी? कात्रीने. चार-पाच महिने चाललेली रोजची गोष्ट घ्या. शंभराहून जास्त पट्ट्या आणि एका पट्टीत तीन चौकटी, म्हणजे तीनशेच्या वर चौकटी झाल्या. तीस पानांवर पानागणिक सहा-सात चौकटी धरल्या तर दोनशेच्या आसपास बसतात. म्हणून चौकटी गाळल्या जात, काही कापून नव्याने जुळवल्या जात. काही नावंही बदलली जात. वेताळाचा देश मूळचा बेंगाला, तो इंद्रजालमध्ये देंकाली झाला, आणि 'सिंग' नावाचे समुद्री चाचे 'सिंगा' झाले. कात्री लागलेली ही गोष्ट मला कधीच अपुरी वाटली नाही. रोज तीन चौकटी वाचणाऱ्या अमेरिकन वाचकाला आदल्या दिवसाची आठवण करून द्यावी लागे, आपल्याला पूर्ण गोष्ट एका बैठकीत मिळत होती. संपादकांनी गाळलेल्या चौकटींत अशा आठवणीच्या चौकटी कितीतरी असणार.

आता वेताळाच्या स्वतःच्या काळाकडे पाहू. गोष्टीप्रमाणे पहिला वेताळ १५३६ चा. चाच्यांनी जहाज लुटलं, वडील मारले गेले, एकटा मुलगा पोहत किनाऱ्याला लागला आणि वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. आपण वाचतो तो एकविसावा. १५३६ ते १९३६ या चारशे वर्षांत वीस वेताळ होऊन गेले, म्हणजे सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला वीस वर्षं. ही सरासरी इथल्या इतिहासावर ठेवून पाहण्यात मला फार गंमत वाटते. डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसईबरोबर साष्टी बेट पोर्तुगिजांना दिलं. आजचं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड याच साष्टीवर वसलेलं आहे. म्हणजे बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांपाशी पोर्तुगीज पाद्री पोहोचले त्या सुमारास पहिला वेताळ शपथ घेऊन कामाला लागलेला होता. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेव्हा या सरासरीने पाचवा वेताळ गादीवर असणार, आणि १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सातवा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या वाटेने गेली, तेव्हा पाळी सोळाव्याची. एकाच्या जागी दुसरा उभा राहतो आणि जग समजतं की तोच आहे, मरत नाही. फॉक यांची ही कल्पना किती मोठी होती ते अशी वर्षं शेजारी मांडली की कळतं.

एवढ्या पसाऱ्यात 'असायलाच हवेत' असे अंक कोणते? बाजाराचं उत्तर ठरलेलं असतं, पहिला अंक. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक मूळचा दहा सेंटांचा. त्याची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला, म्हणजे जवळपास पन्नास कोटी रुपयांना विकली गेली. इंद्रजालचा पहिला अंक ६० पैशांचा. तो संग्रहात हवाच, पण त्यातल्या गोष्टीसाठी. बापाचा खून करून त्याचा पट्टा पळवणारा रामालू आणि तो पट्टा परत मिळवणारा मुलगा यांची ती गोष्ट आहे. विसावा गेला आणि एकविसावा कसा उभा राहिला हे एकदा वाचलं की पुढच्या शेकडो अंकांत कवटीच्या सिंहासनावर बसलेला माणूस वेगळा दिसतो.

माझ्या यादीत दुसरा मान वेताळाच्या लग्नाच्या अंकाचा. त्याची प्रेयसी डायना पामर १९३६ च्या पहिल्याच गोष्टीत होती आणि लग्न लागलं १९७७ मध्ये. एक्केचाळीस वर्षं! मॅन्ड्रेकही त्या लग्नाला हजर होता. पुढे जुळी मुलं झाली, किट आणि हेलोईज, आणि बाविसाव्या वेताळाचा प्रश्न कागदावर तरी सुटला. चारशे वर्षांची परंपरा जिवंत ठेवायची तर कधीतरी घर मांडावं लागणार हे फॉक यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते वाचकांच्या दोन पिढ्या होईपर्यंत लांबवलं. ज्या घरांत आईने आणि नंतर मुलीने हीच मालिका वाचली, तिथे हा अंक दोघींचा होता.

तिसरा अंक वेताळाचा नाही, तरी तो मी सोडणार नाही. डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने बहादूर आणला. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा, दरोडेखोर बापाचा मुलगा, जो पुढे नागरिक सुरक्षा दल उभारून दरोडेखोरांशीच लढतो. लेखन आबिद सुरती यांचं, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. 'बी. गोविंद' या सहीने इंद्रजालची कितीतरी मुखपृष्ठं रंगवणारे तेच हे. वेताळाच्याच मालिकेत भारतीय लेखक-चित्रकारांनी स्वतःचा नायक घडवला तो या अंकात, म्हणून वेताळाच्या चाहत्याच्या कपाटात याची जागा पक्की.

सुरतींबद्दल थोडं इथेच सांगतो, कारण ते मुंबईच्या उपनगरांच्या वेशीवरचे. बोरिवलीनंतर दहिसर, त्यानंतर मिरा रोड, तिथे त्यांचं घर. वयाच्या सत्तरीनंतर, २००७ पासून, ते दर रविवारी प्लंबरला घेऊन इमारतींत फिरू लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करू लागले. सेकंदाला एक थेंब गळला तर महिन्याला हजार लिटर पाणी जातं, हे त्यांनी वाचलं होतं. पहिल्याच वर्षी १,६६६ घरं पाहिली, ४१४ नळ दुरुस्त केले, हिशेबाने ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचवलं. बहादूरच्या लेखकाने हे करावं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

चौथा अंक फक्त क्रमांकासाठी. ४४३ पर्यंत मुखपृष्ठावर सलग आकडे येत, ४४४ पासून खंडाचा हिशेब सुरू झाला, म्हणजे खंड २०, अंक १. त्यामुळे खंड २०, अंक १५ हा मालिकेतला ४५८ वा. हे माहीत नसलेला माणूस एकच अंक दोनदा विकत घेतो, किंवा हातातला अंक यादीत नाही म्हणून सोडून देतो.

मालिका १९९० मध्ये थांबली, पुढे डायमंड कॉमिक्सने वेताळ चालवला. ऑस्ट्रेलियात फ्रू कंपनी १९४८ पासून आजही वेताळ छापते आहे आणि क्रमांक १९०० च्या पुढे गेला आहे. स्वीडनमध्ये १९५० पासून तो निघतो, तिथे त्याचा पोशाख निळा. इटलीत तो लाल होता. आपल्याकडे मात्र ज्याने वेळीच अंक जपले त्याच्याकडेच ते आहेत.

हे अंक गेले कुठे? १९६१ मध्ये मुंबईच्या उपनगरांत सुमारे १४ लाख माणसं राहत होती, १९९१ मध्ये ६७ लाख. इंद्रजाल जन्मलं आणि संपलं त्याच तीन दशकांत उपनगरं जवळपास पाचपट झाली. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हाही १९९० चाच. गिरगाव, परळ, दादरच्या खोल्यांतून माणसं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला आली, आणि सामानाबरोबर कॉमिक्सचे गठ्ठेही आले. एका खोलीच्या किंवा वन-रूम-किचनच्या घरात सव्वापाच फुटांची चवड कोण ठेवणार? काही अंक रद्दीत किलोवर गेले. काही फिरत्या वाचनालयाने भाड्याने दिले आणि पिना निघेपर्यंत वापरले गेले. काही दहा-बारा एकत्र शिवून बाइंड झाले, आणि बाइंडरने कडा कापताना मुखपृष्ठावरचा आकडाच उडवला. उरलेले माळ्यावर चढले.

ते माळे आता खाली होत आहेत. बोरिवलीत, मुलुंडमध्ये, घाटकोपरच्या पंतनगरात जुन्या इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत. घर रिकामं करायला महिना-दोन महिने मिळतात, आणि घाईत माळ्यावरचा गठ्ठा उघडून न पाहताच रद्दीवाल्याला दिला जातो. पाच मजले जाऊन पंचवीस मजले उभे राहतात, पण नव्या फ्लॅटला माळा नसतो. म्हणजे जे अंक आत्ता निघतील ते पुन्हा ठेवायला जागाही उरणार नाही.

म्हणून ज्यांच्या सोसायटीची नोटीस आली आहे त्यांनी गठ्ठा उघडावा. आधी भाषा पाहा, मराठी अंक वेगळे काढा. मग क्रमांक, महिना, किंमत. मुखपृष्ठ नसेल तर आतल्या पानावर क्रमांक आहे का ते शोधा. फाटक्या प्रतीही टाकू नका, दोन अर्धवट प्रतींतून एक पूर्ण गोष्ट जुळते. बाइंड केलेला खंड असेल तर उसवू नका, फक्त आत कोणते अंक आहेत ते पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा. ठेवायला जागा नसेल तर प्रत्येक मुखपृष्ठाचा आणि क्रमांकाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि अंक वाचणाऱ्याच्याच हातात द्या. नातवंडांना द्यायचे असतील तर पट्ट्याची गोष्ट आधी द्या, लग्नाची नंतर.