‘होम चिल्ड्रन’चा माग कसा काढतात?

१८६९ पासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ब्रिटनमधील अनाथ व निराधार मुले जहाजाने कॅनडात पाठवली गेली. त्यांची संख्या सुमारे एक लाख होती. मुलगे शेतावर राबत, मुली घरकाम करत. त्यांना ‘होम चिल्ड्रन’ म्हणतात.

जन्म : इंग्लंड व वेल्समध्ये १८३७ पासून सरकारी जन्मनोंद आहे. दाखल्यावरून आई-वडिलांची नावे मिळतात, तर दर दहा वर्षांच्या जनगणनेतून घरचा पत्ता आणि भावंडे कळतात.

संस्था : मुले पाठवणाऱ्या बर्नार्डोजसारख्या संस्थांच्या दप्तरात मूल कधी व का दाखल झाले याची नोंद असते. वंशजांना ती अर्ज करून मागता येते.

प्रवास : जहाजांच्या प्रवासी याद्या कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत मुलांची नावे बहुधा गटाने येतात.

कॅनडातील आयुष्य : १९०१ च्या जनगणनेत देशात आल्याचे वर्ष विचारले होते. पहिल्या महायुद्धात ‘होम चिल्ड्रन’पैकी हजारो तरुण सैन्यात गेले. त्यांच्या भरतीपत्रावर जवळच्या नातलगाचे नाव असते, आणि कधीकधी त्यातूनच ब्रिटनमध्ये राहिलेल्या बहिणीचा किंवा आईचा पत्ता लागतो.

ध्यानात ठेवावे : नावाचे स्पेलिंग आणि वय कागदागणिक बदलते, म्हणून एकाच नोंदीवर विसंबू नये. ‘अनाथ’ म्हटलेल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात होते. त्यांना गरिबीपायी मूल संस्थेत ठेवावे लागले होते. २०१० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी मुलांना परदेशी पाठवण्याच्या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली.