एकच पक्ष, तरी मतदान : गोव्याने पाहिलेली निवडणूक

परवा मनीषनगरात एका घरी चहाला बसलो होतो. मतदानाचा विषय निघाला तसे घरातले चाचा म्हणाले, "जाऊन काय करायचं? निकाल आधीच ठरलेला असतो." 2024 च्या लोकसभेला नागपुरात मतदान 54 टक्क्यांच्या आसपास झाले, म्हणजे असं म्हणणारे चाचा एकटे नाहीत. त्यांच्या नातीने मात्र विचारलं, "नानाजान, मग जिथे खरंच एकच पक्ष असतो, तिथे निवडणूक घेतातच कशाला?"

प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी चीन-कोरियापर्यंत जायला नको, शेजारचा गोवा पुरेसा आहे.

19 डिसेंबर 1961 पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगालमध्ये सालाझारची राजवट होती. 1933 ची राज्यघटना होती, संसद होती, निवडणुकाही व्हायच्या. गोव्यातूनही लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी जायचे. कागदावर काहीच कमी नाही! पण पक्ष एकच, सालाझारचा 'उनियाओ नासिओनाल'.

मताचा हक्क कोणाला? लिहिता-वाचता येणाऱ्याला किंवा ठरावीक कर भरणाऱ्याला. बायकांसाठी अटी आणखी कडक. म्हणजे शेतात राबणारा गरीब माणूस बहुधा यादीच्या बाहेरच. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, पाठीमागे गुप्त पोलीस. 18 जून 1946 रोजी मडगावच्या सभेत राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तर त्यांना लगेच पकडलं. अशात प्रचार कोण करणार? 1945 मध्ये पोर्तुगालच्या विरोधकांनी निवडणुकीतून माघार घेतली, 12 नोव्हेंबर 1961 लाही तेच झालं. सगळ्या 130 जागा एका पक्षाला. सव्वा महिन्यात गोवा मुक्त झाला.

मग हा खटाटोप कशासाठी? जगाला दाखवायला की लोक आमच्या बाजूने आहेत. आपल्या माणसांची वर्णी लावायला. आणि कोण मुकाट्याने येतो, कोण येत नाही, हेही कळतं.

सगळीकडे इतकी पोकळ निवडणूक असते असंही नाही. टांझानियात 1965 मध्ये एकच पक्ष होता, पण एका जागेवर त्याच पक्षाचे दोन उमेदवार. चिन्हं कुदळ आणि घर. लोकांनी चक्क अर्थमंत्री पॉल बोमानींना पाडलं. माणूस बदलता आला, पक्ष नाही.

आता गोव्याचं पुढचं बघा. 9 डिसेंबर 1963 ला तिथे सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मतदान करता आलं. दिल्लीत नेहरूंचं सरकार, ज्यांनी सैन्य पाठवून गोवा सोडवला. तरी काँग्रेसला गोव्यातल्या 28 पैकी एकही जागा मिळाली नाही! मगो पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, युनायटेड गोअन्स पक्ष 12 जागांसह विरोधात बसला. विधानसभा भरली पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात, जिथून पोर्तुगीज कारभार चालायचा. सत्तेतला पक्ष हरला आणि कोणाला तुरुंगात जावं लागलं नाही. दोन वर्षांतला हा फरक.

चाचांचं पूर्ण समाधान झालं असं नाही. पैसा, दबाव, निवडून आल्यावर पक्ष बदलणारे, त्यांची यादी लांब होती आणि त्यातलं बरंच आम्हालाही पटलं. तोवर नातीने मोबाईलवर मतदार यादी उघडली होती. नानाजानचं नाव सापडलं, पण बूथ बदललेलं निघालं.