टॉम-जेरी डिस्नेचे नव्हेत

बेळगाव-निपाणी भागात आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांचं बालपण केबलवरच्या कार्टून नेटवर्कनं व्यापलेलं होतं. भारतात हे चॅनेल १९९५ मध्ये आलं. रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी या दुसऱ्या चॅनेलचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे आणि घरातली पोरं हिरमुसायची. घर मराठी असो वा कन्नड, टॉम-जेरीची पळापळ समजावून सांगायची गरज कुणालाच पडली नाही. म्हणूनच ते घरचे झाले. पण त्यांच्याविषयीचे गैरसमज अजून टिकून आहेत.

पहिला म्हणजे ते डिस्नेचे. ही जोडी विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत घडवली. १९४० च्या पहिल्या लघुपटात बोक्याचं नाव जॅस्पर होतं, उंदराला तर नावच नव्हतं. १९५८ पर्यंत या दोघांचे ११४ लघुपट आले, त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. ते मुके आहेत हेही खरं नाही. १९४६ च्या ‘सॉलिड सेरेनेड’मध्ये टॉम चक्क गातो, आणि त्याची ती जगप्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅनाची. संवादांचं बाकी काम स्कॉट ब्रॅडलीच्या संगीतानं केलं, आणि माझ्या मते निम्मं श्रेय त्याचंच.

दुसरा, कार्टून म्हणजे पोरांचा खेळ. मुळात हे लघुपट थिएटरात मुख्य सिनेमाआधी, मोठ्यांनी भरलेल्या सभागृहात दाखवले जायचे. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सात मिनिटांच्या लघुपटाला दहा हजारांवर. हा खर्च झेपेना, तेव्हा एमजीएमनं १९५७ मध्ये कार्टून विभागच बंद केला. मग हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले. अंग स्थिर ठेवून नुसती तोंडं हलवायची, अशी काटकसर तिथं सुरू झाली. त्यांचं ‘फ्लिंटस्टोन्स’ १९६० मध्ये अमेरिकेत रात्री साडेआठला लागायचं, मोठ्यांसाठीच. पुढे अमेरिकन उद्योगपती टेड टर्नरनं एमजीएमचा जुना साठा विकत घेतला आणि त्यातूनच पोसलेलं चॅनेल आपल्यापर्यंत आलं. आपण नवं म्हणून पाहिलं ते पन्नास वर्षांचं जुनं होतं.

दूरदर्शनवरचा मोगलीसुद्धा अमेरिकन नव्हता. ती १९८९ ची जपानी मालिका. डिस्नेचा ‘जंगल बुक’ हा १९६७ चा वेगळा चित्रपट.

आणि ‘आपल्याकडे असलं काही नव्हतंच’? मिकीचा ‘स्टीमबोट विली’ १९२८ चा. दादासाहेब फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ चित्रित केली ती १९१५ मध्ये. निपाणीहून जेमतेम ४० किलोमीटरवरच्या कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं पुण्याला गेल्यावर, १९३४ मध्ये, ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. डिस्नेचा माणूस इथं शिकवायला आला तो बऱ्याच उशिरा: क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी पुढच्याच वर्षी जातककथेवर ‘द बनियन डीअर’ केला.